बसच्या रस्त्यासाठी कोणाला विचारायचं?

काही वर्षांपूर्वी एका बैठकीला गेलो होतो. विषय होता उपनगरातल्या एका रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका. वार कामाचा, वेळ दुपारी चारची. सभागृहाबाहेर दुचाकी लावायला जागा नव्हती आणि मोटारींनी शेजारचा बोळ अडवून टाकला होता. आत ६० एक माणसं. बोलता बोलता कोणीतरी विचारलं, "इथं बसने कोण कोण आलंय?" तीन हात वर झाले. एक माझा होता आणि एक चहा घेऊन आलेल्या काकांचा.

पुढचा दीड तास पार्किंग, गाडी वळवायला जागा, दुकानापुढे माल उतरवायची सोय आणि सोसायटीच्या फाटकासमोर येणारा दुभाजक यांवर गेला. मुद्दे खरे होते, माणसंही तळमळीने बोलत होती. पण बस किती मिनिटांनी येणार, हा प्रश्न एकदाही निघाला नाही. इतिवृत्तात "नागरिकांशी चर्चा झाली" अशी नोंद झाली असणार, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते नागरिक मात्र त्या वेळी कामावर होते किंवा थांब्यावर उभे होते.

बसमार्गाच्या नियोजनातला लोकसहभाग म्हणतात तो नेमका काय असतो, तो कुठे अडतो आणि उपनगरात तो जास्तच अवघड का होतो, हे इथे पुण्या-पिंपरीच्या अनुभवावरून मांडतो. हे शहर या बाबतीत बरंच शिकलंय आणि बरंचसं शिकूनही विसरलंय.

आधी बीआरटी म्हणजे काय ते

आपल्याकडे बीआरटी म्हणजे रस्त्याच्या मधली, रेलिंग लावलेली, अर्धवट रिकामी लेन. मूळ कल्पना तेवढीच नाही. बस रॅपिड ट्रान्झिट म्हणजे रुळांऐवजी डांबरावर चालणारी लोकल समजा. तिला स्वतःची वाट असते, म्हणून ती कोंडीत अडकत नाही. थांब्याचा फलाट बसच्या पायरीच्या उंचीचा असतो, त्यामुळे म्हातारं माणूस किंवा बाबागाडी घेतलेली आई सरळ आत जाते. बस इतक्या वेळा येते की वेळापत्रक बघावं लागत नाही. ब्राझीलच्या कुरितिबा शहरात १९७४ मध्ये याची सुरुवात झाली आणि कोलंबियाच्या बोगोटाने २००० साली ती जगभर गाजवली.

यातली शेवटची गोष्ट, म्हणजे बस वारंवार येणं, नेहमी बाजूला पडते. साधा हिशेब करून पाहू. सिग्नल धरून एका मार्गिकेतून तासाला १,००० मोटारी जातात असं मानू. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर १,५०० माणसं झाली. तीच मार्गिका बसला दिली, मिनिटाला एक बस सोडली आणि प्रत्येकीत ५० माणसं धरली, तर ३,००० होतात. थेट दुप्पट. आता तीच बस १० मिनिटांनी एक सोडा. तासाला सहा बस, ३०० माणसं. मोटारींनी नेली असती त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी.

शेजारी उन्हात तापत उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याला हा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही, पण रिकामी लेन त्याला दिसते. तो आत घुसतो. मागून दुसरा घुसतो. मग वॉर्डन नेमावे लागतात. वॉर्डनांचा करार संपला की लेन सगळ्यांची होते. म्हणून बसमार्गाच्या कुठल्याही सादरीकरणात मी पहिला प्रश्न विचारतो तो बस किती आणि दर किती मिनिटांनी, हा. रंगीत चित्रात बस नेहमी दोन-तीन दाखवलेल्या असतात. चित्रकाराला बस विकत घ्याव्या लागत नाहीत.

पुण्याची घाई

देशातली पहिली बीआरटी पुण्यात झाली, आणि पुणेकर ज्या गोष्टीचा अभिमान मिरवत नाहीत अशा मोजक्या गोष्टींपैकी ती एक आहे. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जवाहरलाल नेहरू शहर पुनर्निर्माण योजना आली. २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. रस्त्यावरची जागा वाहनं मोजून वाटू नका, माणसं मोजून वाटा, असा त्याचा गाभा. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट मार्गावर बस धावायलाही लागली. निधी, निर्णय, खोदकाम, उद्घाटन, सगळं वर्षभरात. आज जी पीएमपीएमएल ही बस कंपनी आपल्याला नेते ती स्थापन झाली २००७ मध्ये. म्हणजे मार्गिका आधी जन्मली आणि ती चालवणारी आजची कंपनी नंतर.

वर्षभरात रस्ता खोदता येतो, पण तो वापरणाऱ्यांशी बोलून काही बदलायला तेवढा वेळ पुरत नाही. कात्रजच्या रस्त्यावर चालणाऱ्यांनी ओलांडायचं कुठून, सायकलींची पट्टी जिथे संपते तिथून पुढे सायकलवाल्याने जायचं कुठे, हे प्रश्न काम झाल्यावर, आणि काही वेळा अपघात झाल्यावर, पुढे आले. 'परिसर'सारख्या संस्था आणि पीएमपी प्रवासी मंच यांची तेव्हापासूनची भूमिका मला महत्त्वाची वाटते. बससाठी वेगळी वाट हवीच, पण जशी केली आहे तशी नको, असं म्हणणारी ही माणसं होती. अशा माणसांची दोन्हीकडून अडचण होते. विरोधकांना ती प्रशासनाची वाटतात आणि प्रशासनाला विरोधकांची.

४५ मीटरचा रस्ता आणि मधोमध थांबा

आता उपनगराकडे वळू. पिंपरी-चिंचवडमध्ये सांगवी–किवळे आणि नाशिक फाटा–वाकड हे रस्ते ४५ मीटर रुंद धरून आखले. दापोडी–निगडी हा जुना पुणे-मुंबई महामार्ग तर ६१ मीटरचा. पुण्याच्या पेठेतल्या माणसाला ही रुंदी म्हणजे मैदानच. एवढ्या रस्त्यावर बस मधून धावते आणि थांबाही मधोमध असतो. तो कडेला का नाही, असं प्रत्येक बैठकीत कोणीतरी विचारतंच. कारण सोपं आहे. कडेला रिक्षा उभी असते, टेम्पो माल उतरवत असतो, सोसायटीतून गाडी बाहेर येत असते, आणि त्या गर्दीत बसची वेगळी वाट टिकत नाही.

पण मधला थांबा म्हणजे प्रत्येक वेळी रस्ता ओलांडणं आलं. इथे एक गंमत आहे. थांबा कडेला असेल तर जाताना आपल्या बाजूलाच बस मिळते, रस्ता ओलांडावा लागत नाही. परतताना मात्र पूर्ण ४५ मीटर ओलांडायचे. मधल्या थांब्याला जाताना साडेबावीस मीटर आणि येतानाही साडेबावीस. बेरीज तीच! शिवाय मधल्या थांब्याला एका वेळी एकाच दिशेने येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवायचं. म्हणजे कागदावर मधला थांबा चालणाऱ्यासाठी वाईट नाही, उलट बरा म्हणायचा.

रस्त्यावर तो वाईट ठरतो, कारण ते साडेबावीस मीटर ओलांडायला सिग्नल आहे की नुसतेच पांढरे पट्टे, यावर सगळं ठरतं. ७० वर्षांची बाई सेकंदाला मीटरभर चालते असं धरलं तर तिला २० पेक्षा जास्त सेकंद हवेत. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा १२ सेकंदांचा असेल तर तो तिच्यासाठी नाहीच. सिग्नल थांब्यापासून १५० मीटर लांब असेल तर तरुण पोरं तिथवर जाणार नाहीत, रेलिंगमधून वाट काढतील. ती वाट कुठून काढतात हे पाहायचं असेल तर वाकलेले गज शोधा. प्रत्येक वाकलेला गज म्हणजे न विचारता आलेली नागरिकांची सूचना.

खरा लोकसहभाग सुरू होतो तो इथे. मार्गिका किती मीटरची असावी हे मला विचारू नका, ते अभियंत्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण कंपनीची दुसरी पाळी सुटल्यावर रात्री साडेअकराला बायका कुठल्या गल्लीतून थांब्यावर येतात, पावसात कुठे गुडघाभर पाणी साठतं, कुठल्या कोपऱ्यावरचा दिवा सहा महिने बंद आहे, गुरुवारच्या आठवडे बाजाराला भाजीवाल्या कुठवर पसरतात, हे त्याच्या सर्वेक्षणात येत नाही. यंत्र गाड्या मोजतं. जी बाई अंधार आहे म्हणून त्या थांब्यावर कधी गेलीच नाही, तिला ते मोजू शकत नाही.

बायकांच्या प्रवासाबद्दल आणखी एक. आराखड्यात प्रवास म्हणजे घर ते ऑफिस, ऑफिस ते घर असा सरळ धागा असतो. बाईचा प्रवास गाठीगाठींचा असतो. पोराला शाळेत सोडायचं, दोन घरची कामं करायची, येताना रेशन, मग सासूबाईंची औषधं. तिला लांबचा जलद टप्पा कमी लागतो, जवळचे थांबे आणि पुन्हा पुन्हा चढता येईल असा पास जास्त लागतो. जलद बससाठी थांबे लांब लांब ठेवायचे की जवळ जवळ, हा खरोखरचा पेच आहे. तो सोडवायचा कौल कोणाच्या बाजूने द्यायचा हे खोलीत बसलेल्या माणसांवर ठरतं, म्हणून खोलीत कोण आहे हे महत्त्वाचं.

कायदा विचारायला लावतो का?

थोडासा लावतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा विकास आराखडा, म्हणजे आपला डीपी, प्रसिद्ध करून सूचना आणि हरकती मागवाव्या लागतात. लोक त्या हिरिरीने देतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या २०१३ च्या डीपीवर सुमारे ८७,००० सूचना-हरकती आल्या होत्या. माझ्या जमिनीवर आरक्षण टाकलं की नाही, हा प्रश्न माणसाला रांगेत उभा करतो.

पण डीपी रस्त्याची रुंदी सांगतो, रस्त्याच्या पोटात काय असणार हे सांगत नाही. ४५ मीटरची दुहेरी रेघ नकाशावर दिसली की हरकती येतात त्या 'माझं घर जातंय' अशा. त्या ४५ मीटरमध्ये फूटपाथ किती, बस किती, मोटारी किती, हे वाटप पुढे कधीतरी सल्लागाराच्या संगणकावर होतं आणि थेट निविदेत दिसतं. त्यावर हरकती मागवण्याची तशी सक्ती नाही. शहराचा रोजचा प्रवास ज्या कागदावर ठरतो, नेमका तोच कागद सुनावणीच्या बाहेर राहतो. त्या कागदाला रस्त्याचा छेद म्हणतात. केक कापल्यावर आतले थर दिसतात तसा आडवा कापलेला रस्ता. बैठकीला गेलात तर रंगीत चित्र बाजूला ठेवायला सांगा आणि छेद मागा. प्रत्येक चौकाचा वेगळा मागा, कारण सरळ रस्त्यावर तीन मीटरचा असलेला फूटपाथ चौकात पोचेपर्यंत एक मीटरचा होतो आणि त्या एका मीटरमध्ये विजेची डीपी उभी असते. दुसऱ्या अर्थाची डीपी.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ इथे कामी येतं. माहिती मागितल्यावर द्यायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी तथ्यं सरकारी यंत्रणेने न मागता प्रसिद्ध करावीत, असंही हे कलम सांगतं. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. शहराच्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. थांब्याच्या तोंडाशी वडापावची गाडी येणारच आहे. आराखड्यात जागा दिली नाही तर ती फूटपाथवर येईल, हे विक्रेत्यांना आधी विचारलं तर कळतं.

गावांच्या बाबतीत मात्र एक उलटा प्रकार होतो. वाघोलीसारखी गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. २३ गावं एकदम. गाव असताना तिथे ग्रामसभा होती. तिचं किती ऐकलं जायचं हा वेगळा विषय, पण १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने तिला बसवलं होतं, आणि सरपंचाला उभं करून जाब विचारता येत होता. गाव शहरात आलं आणि ग्रामसभा गेली. तिच्या जागी शहरांसाठी क्षेत्रसभा असावी अशी तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात केली. तुमच्या भागात क्षेत्रसभा भरलेली तुम्ही पाहिली आहे का, हे आठवून बघा. त्यात मार्च २०२२ नंतर काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. म्हणजे ज्या वर्षांत उपनगर सगळ्यात वेगाने वाढलं, त्या वर्षांत रस्त्याबद्दल विचारायला हक्काचं दार नव्हतं.

जे अजून राहायला आलेच नाहीत त्यांचं काय

जुन्या शहरात बसमार्ग आखताना माणसं आधीच तिथे असतात. उपनगरात रस्ता आधी येतो आणि माणसं मागून. रावेत, किवळे, पुनावळे या भागात रुंद रस्ते झाले तेव्हा कडेला बरीच शेतं होती. ज्यांची जमीन गेली ते शेतकरी बोलले आणि योग्यच बोलले. पण पुढे त्या रस्त्यावर रोज जाणारा माणूस तेव्हा नागपुरात, लातुरात किंवा बिहारात होता. त्याला कोण विचारणार?

याचं सरळ उत्तर नाही. एक वाट अशी की जवळच्या, दहा वर्षं आधी भरलेल्या उपनगरातल्या लोकांना विचारायचं, कारण त्यांच्या चुका ताज्या असतात. दुसरी अशी की सगळं काँक्रीटमध्ये ओतायचं नाही. पेन्सिलीची रेघ रबराने जाते, काँक्रीटला ब्रेकर लावावा लागतो. थांब्याची जागा, ओलांडायची जागा, थांब्यापर्यंत आणून सोडणाऱ्या पूरक बसचा मार्ग हे पहिली दोन-तीन वर्षं हलवता येतील असे ठेवले, तर नंतर आलेल्या माणसाला विचारण्यात अर्थ राहतो. पिंपरी-चिंचवडच्या काही मार्गांना जागतिक बँकेचं कर्ज होतं. तिच्या अटींमुळे बाधित कुटुंबांशी सल्लामसलत आणि पुनर्वसनाचे आराखडे करावे लागले. म्हणजे घर हलणाऱ्यांना विचारायची पद्धत आपण बाहेरच्या दडपणाने का होईना शिकलो. बसमध्ये बसणाऱ्यांसाठी तसं दडपण कोणाचंच नव्हतं.

उशिरा विचारलं की काय होतं याचं उदाहरण दापोडी–निगडी. रस्ता तयार, थांबे उभे, बस मात्र नाही. सुरक्षिततेच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आयआयटी मुंबईकडून तपासणी करून घ्यावी लागली, आणि बस धावायला ऑगस्ट २०१८ उजाडला. चालणाऱ्याने थांब्यावर कसं पोचायचं हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारता आला असता. तो न्यायालयात पोचला.

मत घ्यायचं की मदत

आता थोडं कटू. लोकांना विचारा, असं म्हणणाऱ्याने पुढचा प्रश्न टाळू नये. लोक नको म्हणाले तर?

दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. मोटारवाल्यांचा आवाज मोठा होता, वर्तमानपत्रं त्यांच्या बाजूची होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये न्यायालयाने बसमार्गिका रद्द करायला नकार दिला. बसमध्ये जाणारी माणसं जास्त आहेत, हे त्या निकालात महत्त्वाचं होतं. तरीही २०१५ मध्ये मार्ग मोडायचं ठरलं आणि २०१६ मध्ये तो उखडला. न्यायालयात जे टिकलं ते रस्त्यावर टिकलं नाही.

दुसरं टोक पाहा. अमेरिकेत वॉशिंग्टनला लागून मेरीलँडची माँटगोमेरी काउंटी आहे, नखशिखान्त उपनगर. तिथे २०१५ च्या सुमारास प्रत्येक नियोजित मार्गासाठी रहिवासी, प्रवासी आणि व्यावसायिक यांच्या सल्लागार समित्या नेमल्या. बैठका संध्याकाळी, कागद सगळ्यांना खुले. ऑक्टोबर २०२० मध्ये 'फ्लॅश' नावाची पहिली सेवा सुरू झाली. थांबे देखणे आहेत. पण उत्तरेच्या मोकळ्या भागात बस रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून जाते आणि दक्षिणेच्या दाट भागात, जिथे वेगळ्या वाटेची खरी गरज, तिथे इतर गाड्यांबरोबरच चालते. पैसा आणि जागा ही कारणं होतीच. तरी मला त्यात धडा दिसतो. नीट विचारलं म्हणजे बसला वाट मिळतेच असं नाही.

माझं मत असं की बसला वाट द्यायची की नाही हा हात वर करून ठरवायचा प्रश्न नाही. तो शहराच्या धोरणाचा आहे, निवडून दिलेल्यांनी तो घ्यावा आणि छातीठोकपणे सांगावा. बैठकीत तो उघडा ठेवल्याचं नाटक करायचं आणि आतून ठरवून टाकायचं, हे सगळ्यात वाईट. लोकांना ते पाच मिनिटांत कळतं आणि मग ते पुढच्या बैठकीला येत नाहीत. त्याऐवजी सुरुवातीलाच सांगावं: बस धावणार हे ठरलंय; थांबे कुठे, ओलांडायचं कुठे, दिवे कुठे, पूरक बस कुठून कुठे, दुकानांचा माल किती वाजता उतरणार, हे ठरलेलं नाही, आणि तुम्ही सांगाल त्याने ते बदलेल. पुढच्या बैठकीत मागची यादी वाचून दाखवावी. हे मानलं, हे मानलं नाही, न मानण्याचं कारण हे.

दुकानदारांशी तर असंच बोलावं लागतं. त्यांची मोठी मागणी असते दुभाजकात पंक्चर द्या, म्हणजे वळायला फट ठेवा. एका दुकानदाराची मागणी रास्त असते. २० दुकानदारांची मान्य केली की बसला २० ठिकाणी ब्रेक लागतो आणि जलद हा शब्द फलकापुरता उरतो. हे त्यांना नकाशावर घड्याळ ठेवून दाखवलं तर बरेच जण समजतात. मग पुढच्या चौकात वळसा घेऊन येणाऱ्यासाठी खुणेचा फलक, माल उतरवायला सकाळचे दोन तास, असं काही निघतं. सगळे समजतात असा माझा दावा नाही.

अहमदाबादने २००९ मध्ये एक शहाणपणाची गोष्ट केली. मार्ग पूर्ण होण्याआधी सुमारे तीन महिने बस फुकट चालवली. लोकांनी चढावं, उतरावं, चुका सांगाव्यात. न बघितलेल्या गोष्टीवर मत विचारलं की माणूस भीतीवर मत देतो, बसून पाहिलेल्या गोष्टीवर अनुभवाने बोलतो. तिथल्या सेवेचं नावही 'जनमार्ग'. आपल्याकडे २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी आणि सांगवी–किवळे मार्ग 'रेनबो' या नावाने सुरू झाले. इंद्रधनुष्य म्हणायला आपल्याला का लाज वाटली, कोण जाणे.

विचारायला जायचं कुठे, तर बसमध्येच. सकाळी सात ते दहा पहिल्या थांब्यापासून शेवटच्यापर्यंत बसायचं आणि शेजाऱ्याशी बोलायचं. थांब्यावर मोठा नकाशा टांगून लोकांना घर कुठे, भीती कुठे वाटते, असे ठिपके लावायला सांगायचे. डेपोत जाऊन चालक-वाहकांशी बोलायचं. कुठल्या वळणावर बस अडकते, कुठल्या थांब्यावर म्हातारी माणसं उतरायला घाबरतात, हे वाहकाला तोंडपाठ असतं आणि त्याला बैठकीचं निमंत्रण कधीच नसतं. चाकाच्या खुर्चीवरच्या एकाला बरोबर घेऊन घर ते थांबा हे अंतर चालून पाहा. कागदावरचा ५०० मीटरचा रस्ता किती लांब आहे ते कळेल.

मार्गिका मोडून काढतानाही हेच लागू आहे, आणि ते कोणी बोलत नाही. नगर रस्त्यावरची बीआरटी २०१६ मध्ये सुरू झाली आणि गेल्या काही वर्षांत ती मोडायला घेतली. कोंडी होते, हे कारण दिलं गेलं. कोंडी होतेच. पण मार्गिका काढल्यावर बसमधल्या माणसाची किती मिनिटं वाढतील हा आकडा त्या चर्चेत मोटारीच्या मिनिटांइतक्याच ठळकपणे फळ्यावर लिहायला हवा होता. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली, तिचं स्वागतच. वाघोलीचा माणूस रामवाडीपर्यंत मात्र अजून रस्त्यानेच येतो.

तुमच्या भागात असा मार्ग होऊ घातला असेल तर क्षेत्रीय कार्यालयात चार गोष्टी मागा. प्रत्येक चौकाचा छेद, थांब्यांची यादी, चालणाऱ्यांच्या सिग्नलचे सेकंद आणि गर्दीच्या वेळी बस किती मिनिटांनी येणार तो आकडा. अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक घ्या. आणि पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, एका कामाला ५ लाखांपर्यंत. त्यात बसची मार्गिका होणार नाही, पण सोसायटीच्या फाटकापासून थांब्यापर्यंतचा तुटका फूटपाथ होतो. मी एकदा तसा अर्ज भरला होता. फूटपाथ झाला. मधोमध विजेची डीपी आहे, पण बाजूने जाता येतं.